याची मोटार कुठंय?
वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, ईस्ट बिल्डिंगच्या काचेच्या छताखाली मान वर करून उभा राहिलो आणि पहिला प्रश्न पडला तो अगदी घरगुती: याची मोटार कुठंय? मोटार नाहीच! अलेक्झांडर काल्डरचं हे २३ मीटर रुंद झुलतं शिल्प नुसत्या हवेवर फिरतं. पोलादात घडवलं असतं तर भलतंच जड होऊन ते हललंच नसतं. मग चित्रकार मातीसचा नातू पॉल याने आतून मधाच्या पोळ्यासारखी पोकळ अ‍ॅल्युमिनियमची पाती केली. वजन उतरलं ४२० किलोंच्या आत. शिल्प टांगलं नोव्हेंबर १९७७ मध्ये. काल्डर वर्षभर आधीच गेला होता. त्याने ते इथं फिरताना पाहिलंच नाही. मी मात्र एक लाल पातं काळ्याआड गेलं, ते परत दिसेपर्यंत जागचा हललो नाही.