सडपातळ माणसालाही कोरोना गंभीर का झाला? हृदयाभोवतीच्या चरबीचा काय संबंध, समजून घ्या

छत्रपती संभाजीनगर : कोरोनाच्या लाटेत शहरात एकच प्रश्न विचारला जायचा, ‘स्कोअर किती आला?’ एचआरसीटीमध्ये फुप्फुसांना २५ पैकी गुण मिळायचे आणि त्यावरून घाटीत दाखल व्हायचे की घरीच राहायचे, याची चर्चा रंगायची. पण त्याच स्कॅनमध्ये हृदय आणि त्याभोवतीची चरबीही दिसते. तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

ही चरबी वेगळी का?
ती हृदयाच्या स्नायूला थेट चिकटलेली असते. मध्ये पडदा नसतो, रक्तपुरवठाही एकच. थोडी चरबी सर्वांनाच असते, ती हृदयाला ऊर्जा पुरवते. प्रमाण वाढले, की आयएल-६ सारखी दाह वाढवणारी रसायने सोडू लागते. त्यात विषाणूचा संसर्ग झाला, तर आगीत तेल पडते.

संशोधनात काय आढळले?
२०२० मध्ये इटलीतील संशोधकांनी कोरोना रुग्णांचे स्कॅन तपासले. आजार जितका गंभीर, तितकी ही चरबी स्कॅनवर अधिक दाट दिसली. ही दाहाची खूण मानली जाते. मात्र चरबीमुळेच आजार बळावला, असे यातून सिद्ध होत नाही.

वजन कमी म्हणजे निर्धास्त?
नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातील एकूण चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! चरबी किती आणि कुठे साठली आहे, हे वजनकाटा सांगत नाही.

मग काय करावे?
• कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंमी, महिलांची ८० सेंमीपेक्षा जास्त असेल, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.
• सीआरपी चाचणीतून शरीरात दाह आहे हे कळते, कुठे आहे हे नाही.
• केवळ ही चरबी पाहण्यासाठी सीटी स्कॅन करू नका, विनाकारण रेडिएशन घेऊ नका.
• नियमित व्यायाम आणि वजन घटवल्याने ही चरबी कमी होते.
• पोट सुटलेले असेल किंवा मधुमेह असेल आणि तापात धाप लागली, तर ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.