गाडीचा नंबर आहे, पण बसचा थांबा कुठाय?

सकाळी मोशीत हायवेला उभं राहा. फर्स्ट शिफ्टच्या कंपनी बस एकामागोमाग चाकणकडे जाताना दिसतील. आता समजा, तुम्ही त्यातल्याच एका बसने इंटर्नशिपला निघालाय आणि साहेबांनी सांगितलंय, ‘एचआरची एक्सेल नव्या डिरेक्टरी सर्व्हरवर चढव. सोमवारपासून लॉगिन, गेट, बस सगळं त्यावरच.’

सोप्पंय? थांबा जरा.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे कंपनीतल्या माणसांची एकच पक्की नोंदवही. त्यात कोणते रकाने असतील, हे ठरवतो तो स्कीमा. माणसांच्या नोंदीसाठी सर्रास वापरला जाणारा साचा म्हणजे ‘आयनेट-ऑर्ग-पर्सन’. नेटस्केपच्या मार्क स्मिथ यांनी तो २००० साली मांडला. त्यात कर्मचारी क्रमांक आहे, खोली क्रमांक आहे, चक्क गाडीचा नंबरही आहे. बसचा थांबा मात्र नाही. शिफ्टही नाही.

मग जुगाड सुचतो : थांबा गाडीच्या रकान्यात टाकू! नका टाकू. उद्या पार्किंगचं सॉफ्टवेअर तोच रकाना वाचेल आणि त्याला गाडीऐवजी ‘भोसरी’ सापडेल.

सरळ रस्ता असा. मूळ साच्याला हात लावू नका. थांबा आणि शिफ्ट असे स्वतःचे रकाने तयार करा, ते एका वेगळ्या पूरक क्लासमध्ये बांधा आणि तो क्लास जुन्या नोंदींना जोडा. प्रत्येक रकान्याला जगात एकमेव असा ओआयडी क्रमांक लागतो. त्यासाठी कंपनीचा मूळ क्रमांक ‘आयाना’ ही संस्था फुकट देते. क्रम चुकवू नका : आधी स्कीमा, मग डेटा. उलटं केलंत तर सर्व्हर अनोळखी रकान्याची नोंद घेणारच नाही.

तीन खड्डे लक्षात ठेवा. एक, नवे रकाने सक्तीचे करू नका; बसने न येणाऱ्यांच्या नोंदी अडकतील. दोन, आडनाव मुळातच सक्तीचं आहे. ज्यांच्या कागदपत्रांवर एकच नाव आहे, त्यांच्यासाठी काय भरायचं ते एचआरला आधीच विचारा. तीन, टोकन नंबर ००४५७ असेल तर एक्सेल पुढची शून्यं गिळतं. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या.

आणि हो, मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एकदा वाढवलेला स्कीमा पुसता येत नाही, फक्त निष्क्रिय करता येतो. म्हणून आधी लॅपटॉपवर ओपन-एलडॅप टाका (फुकट आहे) आणि दहा खोट्या नोंदींवर हात साफ करा. त्यात एक बिनआडनावाचा आणि एक शून्याने सुरू होणारा टोकनवाला हवाच.

कारण स्क्रीनवर ती एक नाकारलेली ओळ असते. सोमवारी गेटवर मात्र कार्ड हातात धरून एक माणूस उभा असतो, आणि त्याची शिफ्ट सुरू झालेली असते.