मशेरीची डबी आणि बाळाचे वजन

गरोदरपणात धूम्रपान करू नये, हे मराठी वाचकाला लगेच पटते, कारण ते आपल्याला लागू नाही असे त्याला वाटते. दवाखान्यात नाव नोंदवायला आलेल्या बाईला ‘विडी-सिगारेट ओढता का?’ असे विचारले, तर ती ‘नाही’ म्हणते आणि खरेच सांगते. मशेरीची डबी मात्र तिच्या कमरेला खोचलेली असते.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. भाजताना शेजाऱ्यांनाही ठसका लागे. आमच्या घरी तिला कोणी व्यसन म्हणत नसे. आजी, आई, मावशी ‘दात घासत’. हे घासणे दिवसातून चार-पाचदा चाले, हे मला फार उशिरा खटकले. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार?

धुराचे दुष्परिणाम जगाला बरेच आधी कळले होते. धूम्रपान करणाऱ्या मातांची अधिक मुले अकाली म्हणून नोंदली जातात, असे विनिया सिम्पसन यांनी कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून १९५७ मध्येच दाखवले. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते आणि वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते. मशेरीत धूर नाही, म्हणून पहिला अपाय टळतो. दुसरा टळत नाही, कारण निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात उतरते.

हे आपल्याकडे तपासले गेले ते मुंबईत. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी घरोघरी जाऊन गरोदर बायकांची नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा माग ठेवला. १,२१७ बायकांवरचे निष्कर्ष २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. त्यांतल्या सुमारे १७ टक्के बायका तंबाखू वापरत, आणि ती बहुतेक मशेरीच. इतर कारणांचा हिशेब वजा केल्यावरही त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. बाळंतपण सरासरी सहा दिवस अलीकडे आले.

१०५ ग्रॅम म्हणजे जुन्या मापाने दोन छटाकही नाहीत. त्यात काय एवढे, असे मलाही प्रथम वाटले होते. पण सरासरी फसवी असते. तिच्या पोटात सुखरूप जन्मलेली पुष्कळ मुले असतात आणि फार लवकर आलेली थोडीही. बत्तीस आठवड्यांच्या आत बाळंत होण्याची शक्यता या बायकांत जवळपास पाचपट निघाली. याच पाहणीवरचा दुसरा लेख २००६ मध्ये आला. तंबाखू वापरणाऱ्यांत मृत बालके जन्मण्याचे प्रमाण शंभरात सुमारे नऊ होते, न वापरणाऱ्यांत सुमारे तीन.

एवढे कळल्यावर बाईलाच दोष देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ती मशेरी का लावते, हे तिला एकदा विचारावे. मळमळ थांबते, सकाळी पोट साफ होते, असे ती सांगते. भुकेचे ती आपणहून बोलत नाही.

आई थकल्यावर एकदा मी तिला विचारले, “आमच्या वेळी तू मशेरी सोडली होतीस का?” ती हसली. “सोडतेय कशाला? त्या दिवसांत तर जास्तच लागायची. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत थांबायचं असायचं ना.”