बॉनेटखाली काय दडलंय?

नवी स्पोर्ट्स कार बाजारात यायच्या दोन-तीन वर्षं आधीच तिचं इंजिन गाजायला लागतं. काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या स्टिकरांनी झाकलेली गाडी कुठल्या तरी घाटात कोणाला तरी दिसते, दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ फिरतो आणि तर्क सुरू होतात. चार सिलिंडर की सहा? टर्बो की हायब्रिड? अमरावतीतल्या चहाच्या टपरीवरही प्रश्न पोचतो, ‘कोणतं इंजिन टाकून राहिले म्हणे, भाऊ?’ उत्तरात प्रत्येकाकडे एक आकडा असतो. कोणी तीनशे अश्वशक्ती म्हणतो, कोणी चारशे.

यातले बरेच तर्क तपासून पाहता येतात आणि त्यासाठी शाळेतलं पदार्थविज्ञान पुरतं. पण आकडा खरा निघाला तरी वऱ्हाडात एक अडचण उरतेच. इंजिनाची ताकद मोजतात ती २५ अंश सेल्सिअसच्या हवेला धरून. अकोल्याच्या मे महिन्यात तेवढा गारवा पहाटेही क्वचितच मिळतो.

आधी एक जुनं उदाहरण पाहू. टाटा मोटर्सने मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘टॅमो रेसमो’ ही दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार मांडली. दिसायला इटालियन, इंजिन आसनांच्या मागे. पुण्याच्या ‘डीसी अवंती’नंतर पुन्हा एकदा देशी स्पोर्ट्स कारचं स्वप्न डोळ्यांसमोर आलं होतं. अवंतीत रेनोचं दोन लिटरचं, सुमारे अडीचशे अश्वशक्तीचं टर्बो इंजिन होतं. त्यामुळे रेसमोतही असंच काही तरी परदेशी आणि भारदस्त असणार, असं अनेकांना वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्षात निघालं १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं रेव्होट्रॉन टर्बो. त्याच वर्षी आलेल्या नेक्सॉनमध्ये याच घराण्यातलं इंजिन ११० अश्वशक्ती देत होतं. रेसमोसाठी कंपनीने आकडा सांगितला १९० आणि शून्यापासून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत.

एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद कशी, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. त्याचं उत्तर सोपं आहे. इंजिन म्हणजे हवेचा पंप. जेवढी हवा आत जाईल तेवढंच पेट्रोल जळेल आणि तेवढीच ताकद मिळेल. सिलिंडर मोठा करा, इंजिन जोरात फिरवा किंवा टर्बोचार्जर लावून हवा कोंबून भरा. चौथा मार्ग नाही. ११० चे १९० करायचे तर दर मिनिटाला पावणेदोन पट हवा कोंबायला हवी. मग उष्णताही जवळपास त्याच पटीत वाढते. रेसमो विक्रीला कधीच आली नाही, त्यामुळे ही उष्णता तिने भारतीय उन्हाळ्यात कशी पेलली असती हे रस्त्यावर दिसलंच नाही.

आता अफवा तपासायच्या कशा ते पाहू. सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे आवाज. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले. मग तीन सिलिंडरचं इंजिन सेकंदाला १५० वेळा पेटेल, चारचं २००, सहाचं ३०० आणि आठचं ४०० वेळा. आवाजातला मुख्य सूर हाच असतो. व्हिडिओतल्या आवाजाची वारंवारता मोबाइलवरच्या साध्या ॲपने मोजता येते. गोम इतकीच की फेरे किती होते हे माहीत हवं. ३०० चा सूर सहा सिलिंडर ६,००० फेऱ्यांवर काढतील, तसाच चार सिलिंडर ९,००० वर काढतील. होंडाच्या एस-२००० या गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन खरोखर ९,००० पर्यंत जायचं, त्यामुळे हा फरक नुसता कागदावरचा नाही. शिवाय आता कित्येक गाड्या केबिनमध्ये स्पीकरवरून इंजिनाचा आवाज मुद्दाम वाढवून ऐकवतात. आतून काढलेल्या व्हिडिओवर फार विश्वास टाकू नये.

दुसरी खूण म्हणजे छिद्रं. कारखाना गाडीचा आकार स्टिकरांनी झाकू शकतो, पण हवेची तोंडं बुजवू शकत नाही, नाही तर चाचणीतच इंजिन तापेल. दरवाजामागे मोठी खाच असेल तर इंजिन बहुधा आसनांमागे आहे. पुढच्या जाळीआड, रेडिएटरच्या समोर आणखी एक आडवी जाळी दिसली तर ती टर्बोच्या हवेला थंड करणारी इंटरकूलर असू शकते, किंवा नुसता एसीचा कंडेन्सर. पुढचं चाक आणि दरवाजा यांच्यातलं अंतर लांब असेल तर इंजिन उभं बसवलेलं असण्याची शक्यता अधिक.

तिसरी खूण सगळ्यात उशिरा येते, पण पक्की असते. कोणतंही नवं मॉडेल भारतात विकण्याआधी त्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. इंजिनाचा आकार, कमाल ताकद, इंधन हे सगळं त्या कागदावर येतं. तोवर कंपनी आपला बेत बदलू शकते. पोर्शेने ७१८ ही गाडी पूर्ण इलेक्ट्रिक करायचं ठरवलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मात्र तिच्या वरच्या श्रेणींत पेट्रोल इंजिनही ठेवणार असल्याचं जाहीर केलं. जिथे कंपनीचंच ठरत नाही, तिथे टपरीवरच्या तर्काला काय नावं ठेवायची!

समजा प्रमाणपत्र आलं आणि त्यावर ३०० अश्वशक्ती लिहिलेली निघाली. हा आकडा प्रमाणित हवेसाठी असतो. चाचणीच्या वेळी हवा कशीही असो, हिशेब २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल दाब धरून केला जातो. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावून शिकवणी वर्गांच्या वेळा बदलायला सांगावं लागलं. कामाच्या ठिकाणी पाणी आणि पंख्याची सक्ती झाली. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. म्हणजे तेवढ्याच जागेत तेवढा ऑक्सिजन कमी. ताकद अगदी त्याच प्रमाणात घटत नाही, पण घटते.

टर्बो असेल तर गणित आणखी गुंतागुंतीचं होतं. सायकलच्या पंपाने हवा भरताना नळी गरम होते, तेच इथे घडतं. हवा दुप्पट दाबाला नेली तर २५ अंशांची हवा साधारण ११० अंशांपर्यंत तापते आणि ४५ अंशांची १३५ च्या पुढे जाते. इंटरकूलर ती थंड करतो, पण बाहेरच्याच हवेने. बाहेर ४५ असेल तर आतली हवा ४५ च्या खाली येणं शक्य नाही. सिलिंडरमध्ये इतकी गरम हवा गेली की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा खटखट आवाज येतो. गॅरेजमध्ये याला नॉकिंग म्हणतात. आजच्या इंजिनाला त्यासाठी कान असतो, नॉक सेन्सर. खटखट ऐकली की तो संगणकाला कळवतो आणि संगणक ठिणगी उशिरा टाकतो, गरज पडली तर टर्बोचा दाबही उतरवतो. इंजिन वाचतं. चालकाला मात्र ३०० मधले थोडे घोडे गपचूप तबेल्यात परतल्याचं कळतही नाही.

इथे वऱ्हाडातल्या घराघरांत असलेलं एक यंत्र आठवावं. कूलर. पाणी वाऱ्यावर उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून वाळ्याच्या ताटीतून येणारा वारा गार लागतो. आपल्या पंपांवर आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यातली मायलेजची तक्रार खोटी नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. जुन्या, त्या इंधनासाठी न बनवलेल्या चारचाकींत मायलेज ६ ते ७ टक्के घटू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. पण स्पोर्ट्स कारच्या इंजिनाच्या दृष्टीने याच इथेनॉलची दुसरी बाजू आहे. वाफ होताना ते पेट्रोलच्या अडीच पट उष्णता ओढून घेतं. थेट सिलिंडरमध्ये फवारलं तर आतल्या हवेला कूलरसारखंच गार करतं. त्याचा ऑक्टेन आकडाही वरचा, त्यामुळे नॉकिंग लांबतं. म्हणून नव्या गाडीबद्दल विचारायचा नेमका प्रश्न असा, की तिचं इंजिन याच इंधनावर आणि याच उन्हात जुळवलं आहे, की युरोपातली जुळणी तशीच आणली आहे? बीएमडब्ल्यूने २०१५ च्या एम-४ जीटीएसमध्ये तर इंजिनात जाणाऱ्या हवेवर चक्क पाण्याची फवारणी केली होती. नागपुरी कूलरच म्हणा ना.

आत जळलेल्या पेट्रोलची साधारण एक तृतीयांश ऊर्जाच चाकांच्या दिशेने जाते. बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर पडते. रेसमोच्या १९० अश्वशक्तीच्या इंजिनाने पूर्ण जोर लावला असता तर अडीचशे किलोवॉटच्या घरात उष्णता बाहेर टाकावी लागली असती. दीड टनाचे चाळीसहून अधिक एसी एका दमात जेवढी उष्णता खोलीबाहेर काढतील, तेवढी ही. रेडिएटरचं काम तापमानातल्या फरकावर चालतं. कूलंट १०० अंशांवर आणि बाहेर २५ असेल तर फरक ७५ चा. बाहेर ४५ असेल तर ५५ चा. रेडिएटरची क्षमता तिथेच चौथ्या हिश्श्याहून जास्त उतरली. त्यात ४५ हा आकडा वेधशाळेच्या सावलीतल्या तापमापकाचा. तापलेल्या डांबराला लगटून चालणाऱ्या बुटक्या गाडीच्या तोंडाला येणारी हवा त्याहून गरम असते.

तरीही इंजिनाची स्थिती माणसापेक्षा बरी म्हणायची. त्याचं पाणी १०० अंशांवर असतं, त्यामुळे नवतपातही उष्णता टाकायला बाहेर जागा उरते. माणसाची कातडी ३५ अंशांच्या आसपास. हवा ४५ ची झाली की शरीर हवेला उष्णता देत नाही, उलट घेतं. मग उरतो एकच मार्ग, घाम आणि त्याचं बाष्पीभवन. शरीरही तसं इंजिनच आहे. कष्टाच्या कामात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामाला लागतो, बाकीची उष्णता होते. पाणी संपलं की कूलरच्या टाकीचं होतं तेच होतं. फक्त शरीराला खटखट ऐकून आपोआप दाब उतरवणारा संगणक नाही. चक्कर, मळमळ, डोकेदुखी हेच त्याचे सेन्सर, आणि ऊन डोक्यावर असताना हातातलं काम टाकून सावलीत जाणं रोजंदारीच्या माणसाला परवडत नाही.

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना दरम्यान एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सातशेहून अधिक कामगार त्यावर राबत होते, पावसाळा टेकलेला असताना, वाफाळत्या डांबराशेजारी. नव्या स्पोर्ट्स कारची चर्चा करणारे याच रस्त्यावर ती पळवण्याची स्वप्नं पाहतात. पण तिथे ३०० अश्वशक्तीचं करायचं काय? समृद्धी महामार्गावर कारला मुभा आहे ती ताशी १२० किलोमीटरची. सपाट रस्त्यावर तेवढा वेग टिकवायला बुटक्या, निमुळत्या गाडीला २५ ते ३० अश्वशक्ती पुरते. हवेचा रोध आणि टायरचं घर्षण यांचा तो सगळा हिशेब. उन्हाळ्यात हवा विरळ असल्याने रोध आणखी थोडा कमीच होतो. त्यामुळे ही गाडी समृद्धीवर तापणार नाही. ती तापेल अकोल्याच्या टॉवर चौकात, दुपारी दोन वाजता, पुढे ट्रॅक्टर आणि मागे ऑटो अशी अडकलेली असताना. तिथे समोरून वारा नाही, रेडिएटरचा पंखा एकटा घुरघुरतोय आणि एसी पूर्ण जोरात चालू आहे.

म्हणून जेव्हा कधी इंजिनाचा आकडा जाहीर होईल, तेव्हा शोरूममध्ये त्याच्या खालचे तीन-चार तपशीलही विचारून घ्यावेत. इंटरकूलर हवेने थंड होतो की त्याला पाण्याचं वेगळं मंडळ आहे? किती ऑक्टेनचं पेट्रोल लागतं आणि ते बडनेऱ्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या पंपावर मिळतं का? टॉर्क नेमका किती फेऱ्यांवर येतो? गाडीची उन्हाळी चाचणी झाली असेल, तर ती कुठे आणि कोणत्या महिन्यात झाली?