विषुववृत्तापासून वीस अंशांवरचा एक दिवस

सकाळी ६. निफाडहून आबांचा फोन. "सर, यंदा एल निनो आहे म्हणतात. पोळ कांद्याचं रोप टाकू का थांबू?" एवढ्या एका शब्दावर शेताचा निर्णय सोपवणं मला पटत नाही. "संध्याकाळी सविस्तर बोलतो, आबा."

८. बारावीचा तास. टेबलावर काचेची लांबट पेटी. तळाशी बर्फाचं निळं पाणी. त्यावर कोमट लाल पाणी स्पंजच्या तुकड्यावरून अलगद सोडावं लागतं. घाई केली की सगळं जांभळं होतं. मग एका टोकाकडून केस वाळवायच्या यंत्राची हवा सोडली. लाल पाणी समोरच्या काचेकडे सरकून जाड झालं आणि वाऱ्याच्या बाजूला निळं वर आलं. पॅसिफिकमध्ये पूर्वीय वारे हेच करतात. पश्चिमेला समुद्राची पातळी सुमारे अर्धा मीटर उंच राहते, तर पूर्वेला थंड पाणी पृष्ठभागाच्या जवळ येतं. यंत्र बंद केलं. लाल पाणी मागं पसरलं, निळं झाकलं गेलं. वारे मंदावले की असाच एल निनो येतो.

९. पेटीत न मावणारी गोष्ट फळ्यावर. पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्ताच्या उत्तरेचं पाणी उजवीकडे वळतं, दक्षिणेचं डावीकडे. दोन्ही विषुववृत्तापासून दूर जातात आणि ती जागा भरायला खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर चढतं. हेच अपवेलिंग.

मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "आपल्या हिंदी महासागरात असं होतं का?" पुढचा अर्धा तास मी आनंदानं त्यावरच घालवला. आपल्याकडे विषुववृत्तावर पूर्वीय वारे बारमाही नाहीत, मान्सूनबरोबर वारे दिशा बदलतात. खालचं पाणी वर येतं ते पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्याला, आणि काही वर्षी सुमात्रा-जावाजवळ जोरात. तेव्हा हिंदी महासागराची पूर्व बाजू गार होते, पश्चिम बाजू तापते. हा धन डायपोल, आपल्या पावसाला बहुधा साथ देणारा. १९९७ मध्ये एल निनो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला; त्या वर्षी डायपोल धन होता. २०१५ मध्ये मात्र १४ टक्के तूट पडली. २०२३ मध्ये डायपोलनं उशिरा जोर धरला. तोवर १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होऊन गेला होता, आणि नोव्हेंबरात जायकवाडीला पाणी सोडण्यावरून नाशिक-नगरमध्ये वाद पेटला.

दुपारी १. डबा, हजेरीपट.

३. संगणक कक्षात मुलांना आर्गो तरंगक दाखवले. हे हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतात आणि वर येताना तापमान व क्षारता मोजतात. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडे ही माहिती सर्वांसाठी खुली आहे. मग या शोधामागची जुनी गोष्ट सांगितली. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. दोन महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका त्यांनी आकडेमोडीतून शोधला. त्याचा समुद्राच्या तापमानाशी धागा जोडला तो बियर्कनेस यांनी, १९६९ मध्ये.

संध्याकाळी ६. आबांना फोन. "एल निनोनं पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते, पण तो दुष्काळाचा हुकूम नव्हे. रोप दोन टप्प्यांत टाका. दुसरा टप्पा डायपोलची बातमी आणि विहिरीचं पाणी बघून."

"दोन टप्प्यांत? जमेल," आबा म्हणाले.

शेतकरी मित्रांनो, हवामान विभागाचा मान्सूनचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्यात येतो, सुधारित अंदाज मे अखेरीस. बातमीत एल निनो शब्द दिसला की तिथंच थांबू नका. खाली हिंदी महासागराबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.