आकडी, डोक्याचा मार आणि तेलाची बाटली



गेल्या हंगामात एका फडावर तोडणीवाल्याच्या पोराला आकडी आली. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडला. एका म्हाताऱ्या मावशीने चंचीतली बाटली काढून पोराच्या नाकात तेलाचे थेंब सोडले. दोन मिनिटांत पोरगे सावध झाले आणि सगळे श्रेय तेलाला गेले. तेव्हापासून गटात फिरताना सभासद विचारतात, "साहेब, तेलानं गुण येतो का?" आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी खात्यातले माणूस. तरी विचारून-वाचून जे समजले ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. त्या वेळात जे केले त्याला यश मिळते, मग ती चप्पल का असेना! शुद्ध नसलेल्या माणसाच्या नाकातोंडात सोडलेले तेल मात्र फुप्फुसात उतरते व तेथे सूज धरते. पोराचे नशीब बरे म्हणायचे.

आता तेलात काहीच नाही, असेही आमचे म्हणणे नाही. चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय असून त्यात तेला-तुपाचे कल्प आहेत, वेखंडही आहे. वेखंडाच्या तेलातील असारोन या द्रव्याने प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या आकड्या कमी झाल्याचे दिसले आहे. पण याच द्रव्याच्या एका प्रकाराने उंदरांना गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी आहे. भांगेच्या जातीच्या झाडापासून शुद्ध केलेल्या कॅनाबिडिऑल या औषधाला तेथेच २०१८ मध्ये लहान मुलांच्या दोन अवघड अपस्मारांसाठी मान्यता मिळाली. ते तिळाच्या तेलातच विरघळवलेले असते. पण ते मोजून, तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे औषध आहे. घरी भांग घोटून ते होत नाही.

खरी धास्ती कापूर आणि नीलगिरीची. सर्दी झाली की आपण दोन्ही सर्रास वापरतो. हीच द्रव्ये पोटात गेली तर आकडी आणतात, लहान मुलांत तर थोड्या मात्रेनेही. नीलगिरीचे तेल नुसते चोळून वा हुंगूनही काहींना आकडी आल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत. म्हणजे ज्याला आकडीचा आजार आहे त्याच्याच डोक्याला आपण कापराचे तेल थापतो! देव्हाऱ्यातील कापराच्या वड्याही पोरांच्या हाताला लागू देऊ नयेत.

डोक्याच्या माराचे तर वेगळेच. उसाच्या ट्रॉलीवरून माणूस पडला, उठून बसला, चहा प्याला, आणि दोन-चार तासांनी बेशुद्ध झाला, असे घडते. कवटीच्या आत रक्त साचत असते. काणी बेण्याच्या आत असते, पानावर फवारून ती जात नाही, हे आपणांस ठाऊक आहे. तसेच टाळूवर चोळलेले तेल त्या रक्तापर्यंत पोचत नाही, फुकट वेळ मात्र जातो. मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा एक बाहुली मोठी दिसली, तर थेट सीटी स्कॅनची सोय असेल तेथे न्यावे. अशा मारानंतर महिन्यांनीही आकडी सुरू होऊ शकते, तेव्हा जुना मार डॉक्टरांना आठवणीने सांगावा.

आकडीवर गोळ्या आहेत. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, त्यानंतर पुष्कळ आल्या. नियमित गोळ्या घेतल्या तर शंभरातील सत्तर रुग्णांच्या आकड्या थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नडते ते असे की चार महिने आकडी आली नाही की घरचे म्हणतात, आता तेलावर भागेल, आणि गोळी बंद करतात. एकदम गोळी सोडली की एकामागून एक आकड्या येऊन जीवावर बेतते. आवडत असेल तर साधे खोबरेल वा तिळेल डोक्याला जरूर लावा, पण गोळी चालू ठेवून.

फडात कोणाला आकडी आली तर कोयता, दगड बाजूला सारा, डोक्याखाली घोंगडी ठेवा, कुशीवर वळवा. दातखिळीत चमचा घालू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा सावध होण्याआधीच दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.