जेजुरीची तेलभट्टी

टाकाऊ प्लास्टिकचं करायचं काय, याचं बंगळुरूनं दिलेलं एक उत्तर तिथल्या रस्त्यांत मुरलेलं आहे. अहमद खान आणि रसूल खान या भावांनी २००२च्या सुमारास हे प्लास्टिक डांबरात मिसळायला सुरुवात केली. पुण्याजवळ जेजुरीत मात्र त्याच कचऱ्यापासून तेल काढतात. डॉ. मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी आधी घरच्या प्रेशर कुकरमध्ये प्लास्टिक वितळवून पाहिलं. त्या खटपटीतून ‘रुद्र एन्व्हायर्न्मेंटल सोल्यूशन’ ही कंपनी उभी राहिली.

या भट्टीत प्लास्टिक जळत नाही. बंद रिॲक्टरमध्ये हवेविना तापवलं की त्याची वाफ होते. पॉलिथिन म्हणजे हजारो कार्बन अणूंची साखळी. नुसत्या उष्णतेनं ती वाटेल तिथे तुटते आणि बरंचसं मेणच हाती येतं. उत्प्रेरक असला की कमी तापमानाला आखूड तुकडे पडतात, वाफ थंड केल्यावर पातळ तेल मिळतं. न थिजणारा वायू भट्टी तापवायलाच वापरतात. साखळी तोडण्याचं काम झिओलाइट नावाचा उत्प्रेरक उत्तम करतो, पण तो महाग पडतो. म्हणून संशोधक केओलिनसारखी माती किंवा तेलशुद्धीकरण कारखान्यांतून बाद झालेला उत्प्रेरक वापरून पाहतात. साध्या मातीनं एवढी चिवट साखळी तोडावी, याचं मला अपार कौतुक वाटतं.

पण या मातीलाही जपावं लागतं. तिच्या छिद्रांत कार्बन साचतो आणि ती मंदावते. पीव्हीसी हे प्लास्टिक त्याहून घातक. त्याच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. तापल्यावर त्यातून सुटणारं आम्ल पोलाद खातं, तेल नासवतं. पीईटीच्या बाटल्या मिसळल्या, तर त्यांतून सुटणारी आम्लं थिजून नळ्या तुंबवतात. उत्प्रेरक कितीही स्वस्त झाला, तरी कचरा निवडण्याचं काम टळत नाही. ते पुण्यात ‘स्वच्छ’, बंगळुरूत ‘हसिरू दळा’ या संस्थांच्या कचरावेचकांसारखी माणसं करतात. तेलाच्या भावात त्यांची रास्त मजुरी धरली नाही, तर ही स्वस्ताई त्यांच्याच घामातून वसूल होईल.

शिवाय तेल जाळलं की प्लास्टिकमधला कार्बन हवेत जातोच. म्हणून ही भट्टी भंगारवाला घेत नाही त्या पिशव्या-पाकिटांसाठीच राखावी. नव्या प्लास्टिकला ती परवाना ठरू नये. आपण पिशव्या धुऊन, वाळवून वेगळ्या द्याव्यात आणि महापालिकांनी निवडणाऱ्या हातांना किलोमागे ठरलेला दाम द्यावा.